सहा बंदरांचा बेत

बेतात खोटं काहीच नव्हतं. हीच तर खरी पंचाईत होती.

चौकटीच्या वहीतलं मधलं जोडपान काढून छोटीनं उन्हाळ्याच्या सुट्टीची सफर त्यावर आखली होती. सात दिवस, सहा बंदरं, भाड्यानं घेतलेली बारा मीटरची शिडाची यॉट. प्रत्येक बंदरापुढे तिनं बारीक अक्षरात लिहिलं होतं, किती वाजायच्या आत पोहोचायचं, पाणी कुठे भरायचं, जागा कशी मिळते. पहिल्या बेटावर बोटीची पाठ धक्क्याला लावायची, उतरायला फळी. दुसरीकडे तेच, फळी जास्त अरुंद. तिसरीकडे धक्क्याला जागाच नाही, पाण्यात तरंगणाऱ्या बोयाला बांधायचं आणि छोट्या होडीत उड्या टाकून किनारा गाठायचा. चौथ्यातही फळी. पाचव्यात शिडी, तीही शेवाळलेली. सहाव्याचं तर विचारूच नका. सगळी बंदरं देखणी, गजबजलेली, फोटो बघून कुणीही जीव टाकावा अशी. आणि त्या कागदाप्रमाणे एकाही ठिकाणी, डावा गुडघा न वाकणाऱ्या एक्याऐंशी वर्षांच्या माणसाला बोटीवरून उतरून जमिनीला पाय लावता येऊ नये अशी.

एकूण एक माहिती खरी होती. छोटीनं फक्त निवड केली होती.

छोटी म्हणजे त्रेपन्न वर्षांची बाई. घरात भावंडं दोनच, त्यात दादा मोठा, म्हणून ती छोटी. केस पांढरे झाले, चष्म्याला दुसरा नंबर लागला, तरी पदवी काही गेली नाही. बंदरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये ती बोटींची शिडं आणि सावलीची छतं शिवायची. जाड कापडावर चालणारी तिची मशीन एवढी दणकट, की ती चालू असताना शेजारचा इंजिनवाला तिच्याशी खुणांनीच बोलायचा. शिवणकाम तिचं तीच शिकली होती, उसवून उसवून. घरी बाबा आणि ती, दोघंच. दादा आणि वहिनी दुसऱ्या शहरात. दादा दातांचा डॉक्टर. दुखणं कुठलंही असो, काय काढून टाकता येईल ते तो आधी बघायचा. वहिनी एका शाळेच्या मुख्याध्यापिका, आणि सुट्टीत बोटीवरसुद्धा मुख्याध्यापिकाच.

"यंदा बाबांना नको," वसंतातल्या एका दुपारी दादा फोनवर म्हणाला होता.

तो का म्हणाला हे छोटीला विचारावं लागलं नाही. गेल्या उन्हाळ्यात ती तिथेच होती. खचाखच भरलेल्या बंदरात बाबा फळीवरून उतरत असताना मागून प्रवासी बोट गेली, लाट आली, फळी हलली. बाबांचा पाय सुटला. बोट आणि धक्का यांच्यामध्ये हातभर फट होती, ती मोठी झाली आणि मग मिटायला लागली. दादानं पोटावर पडून त्यांच्या जॅकेटची कॉलर पकडली. वहिनी सगळी मुख्याध्यापिकागिरी विसरून बोटीला दोन्ही पायांनी धक्क्यापासून रेटत होत्या. बाबा वर आले, बूट गेला होता. दम खात म्हणाले, "कॉलर चांगली शिवलीय पोरीनं." त्यावर कुणीच हसलं नाही. उरलेले चार दिवस सगळे एकमेकांशी फार गोड वागले.

"सांगायचं कुणी?" दादानं विचारलं होतं. "तू सांग. तू जवळ असतेस."

आणि छोटी म्हणाली होती, "सांगायला कशाला हवं? मी बेतच असा आखते, की तो वाचून तेच म्हणतील, मला काही जमायचं नाही, तुम्ही जा."

हे तिनं स्वतःहून सुचवलं होतं. दादाच्या डोक्यात असलं काही आलं नसतं. तो बिचारा सरळ उपटणारा माणूस. पुढे रात्री अंथरुणावर, सकाळी चहा गाळताना, मशीनवर दोरा ओवताना तिला तेच आठवत राहिलं. आणि त्याच्याही खाली, तळाशी, आणखी एक गोष्ट होती, जी तिनं दादालाही सांगितली नव्हती. बाबा पडतील ही भीती खरी होती, पण तेवढीच खरी नव्हती. तिला एक आठवडा हवा होता. ज्यात बाबांच्या काठीचा आवाज ऐकू येणार नाही असा. टक्, पाऊल, टक्, पाऊल. न्हाणीघरापर्यंत बावीस, परत बावीस. हातातलं काम थांबवून, पुढचा टक् येतो की नाही याकडे कान लावून तिची सहा वर्षं गेली होती.

बाबांच्या पुढ्यात बंदरांचा बेत ठेवायचा म्हणजेही गंमतच होती. चाळीस वर्षं ते एका गजबजलेल्या बंदरात येणाऱ्या बोटींना जागा नेमून द्यायचे. धक्क्याच्या टोकावर काचेची केबिन, गळ्यात दुर्बीण, हातात कर्णा. हंगामात बंदर फुटायला आलं, की कर्ण्यातून एकच शब्द: "सरका." मग, "अजून सरका." सगळा किनारा त्यांना सरकासाहेब म्हणायचा, तोंडावरसुद्धा.

भरल्या बंदरात बोटी धक्क्याला पाठ लावून, डब्यातल्या सार्डिन माशांसारख्या एकमेकींना चिकटून उभ्या राहतात आणि माणसं फळीवरून उतरतात. आडवी, म्हणजे अख्खी कूस भिंतीला लावून उभी राहिलेली बोट तीन बोटींची जागा खाते. पण तिच्यातून उतरणं म्हणजे जिन्याची एक पायरी उतरण्याइतकं सोपं. म्हणून आडव्या जागा अपंगांना आणि म्हाताऱ्यांना. आणि म्हणून ऐन हंगामात प्रत्येक बोटवाला सांगायचा, साहेब, बोटीवर म्हातारी आई आहे हो. बाबा म्हणायचे, "असं का? मग त्यांना जरा वर बोलवा. भेटतो." की बोटीच्या पोटात पळापळ. एकदा एका टोळक्यानं आपल्यातल्याच एकाला शालीत गुंडाळून वर उभा केला, फक्त त्याची दाढी करायची राहून गेली. बाबांनी त्या आजीबाईंच्या तब्येतीची चौकशी केली, बेताबेतानं बसा म्हणाले, आणि बोट बंदराबाहेरच्या शेवटच्या बोयाला पाठवली. ही गोष्ट घरात इतक्यांदा सांगून झाली होती, की दाढीपाशी आल्यावर हसायचं कुणी, हेसुद्धा ठरलेलं होतं.

सोमवारी सकाळी छोटीनं ते जोडपान त्यांच्या चहाच्या कपाशेजारी ठेवलं.

"बघा जरा. काही चुकलंय का."

"बघतो की." त्यांनी चष्मा पुसला. "सहा बंदरं? तुझी वहिनी दमवणार सगळ्यांना."

"तुम्हाला काय वाटतं ते सांगा, म्हणजे त्याप्रमाणे..." पुढे काय बोलायचं ते तिनं ठरवलंच नव्हतं. ती चपला घालून कामाला निघून गेली.

त्या दिवशी तिनं एका छताची मधली पट्टी उलटी शिवली. सहा मीटर. इंजिनवाला दारात उभा राहून बघत होता. तिनं मशीन थांबवल्यावर म्हणाला, "मला दिसत होतं, पण म्हटलं, ताईंची नवी फॅशन असेल." दुपार उसवण्यात गेली.

घरी आल्यावर बाबांनी विषय काढला नाही. मंगळवारीही नाही. जोडपान टेबलावर, त्यावर भिंग, शेजारी पेन्सिल. पेन्सिलीचं टोक रोज थोडं आखूड होत होतं, एवढं तिला दिसत होतं. जेवताना ते भाज्यांचं सूप छान झालंय म्हणाले. ते त्या दिवशी खारट होतं.

बुधवारी संध्याकाळी, खिडकीतून अजून ऊन येत होतं तेव्हा, त्यांनी तिला बोलावलं. "छोटी, बस. काम झालंय."

ती बसली. बाबांनी कागद तिच्याकडे फिरवला. समासात पेन्सिलीनं बारीक खुणा होत्या, जुन्या कचेरीतल्या सवयीच्या, नीट, तिरक्या.

"पहिलं ठीक. पण बाराच्या आत पोहोचा. साडेबाराला मोठी प्रवासी बोट आत शिरते, तिच्या लाटेत फळी टाकायची नाही." ते क्षणभर थांबले. "ते तुम्हाला माहितीच आहे. दुसऱ्यात पाणी भरू नका, नळाचं पाणी मचूळ. तिसऱ्यात सगळ्यात बाहेरचा बोया कधी घेऊ नका, त्याची साखळी मी होतो तेव्हाच गंजलेली."

"बरं," छोटी लिहून घेत होती. हाताला काम होतं हे बरं होतं.

"आता चौथं." पेन्सिल चौथ्या बंदरावर टेकली. "हे बदल."

"का? छान आहे की."

"छान आहे. पण इथे बर्फाच्या कारखान्यासमोर आडवी लावायला भिंत आहे. पायऱ्या आहेत, कठडासुद्धा आहे. तुझ्या वहिनीला वाचायची सवय आहे, ती मोबाईलवर बघेल आणि म्हणेल, अगं, इथे तर बाबा आरामात उतरले असते. मग तू काय सांगणार? त्यापेक्षा हे पलीकडचं बेट घे." त्यांनी शेजारच्या नकाशावर पेन्सिल सरकवली. "इथे नांगर टाकून होडीनंच जावं लागतं. शिवाय होडीतून उतरायला गुडघाभर पाण्यात. इथे माझं कुणी नाव घेणार नाही."

छोटीनं लिहायचं थांबवलं नव्हतं. "पलीकडचं बेट" एवढं लिहून झाल्यावर तिला कळलं आपण काय लिहितोय.

बाबा त्यांच्या कामाच्या आवाजात पुढे बोलतच होते. "पाचव्यात शिडी लिहिलीयस, ती आता काढलीय बहुतेक, चौकशी कर. तिथे जर पायऱ्या केल्या असतील तर तेही बदलावं लागेल. बाकी सहावं उत्तम. सहाव्याला तोड नाही."

खोलीत ऊन टेबलाच्या कडेपर्यंत आलं होतं. छोटी त्या कडेकडे बघत राहिली.

"कधी कळलं?" तिनं विचारलं.

"सोमवारी. तू चपला घालत होतीस तेव्हा." त्यांनी चष्मा काढला. "चाळीस वर्षं बंदरात काढली गं. सहा बंदरं, आणि एकापुढेही आडवी जागा लिहिलेली नाही? एवढं नशीब कुणाचं नसतं. एवढं नशीब मुद्दाम बनवावं लागतं."

"मग दोन दिवस बोलला का नाहीत?"

"तपासत होतो. करायचंच तर नीट असायला हवं." मग ते थोडं हसले, आणि ते हसणं तिला सगळ्यात वाईट लागलं, कारण त्यात राग शोधूनही सापडेना. "म्हातारा नसताना जागा मागणारे मी हजार पाहिले. म्हातारा असून न मागणारी तूच पहिली."

तिनं तोंड उघडलं. दादाचं नाव जिभेवर आलं होतं. दादा म्हणाला, वहिनी घाबरली, तुमच्याच भल्यासाठी. तिनं ते सगळं गिळलं.

"दादानं फक्त नको म्हटलं होतं," ती म्हणाली. "ही अशी युक्ती माझी."

"ते अक्षरावरून कळतंच."

"आणि तुम्ही पडाल म्हणूनच नाही केली. मला आठवडाभर..." ती अडखळली. पण आता अर्ध्यावर थांबण्यात अर्थ नव्हता. "तुमच्या काठीचा आवाज ऐकायचा नव्हता, बाबा. दिवसभर कान तिकडेच असतात माझे. एक आठवडा नको होता तो."

बाबांनी मान हलवली, बंदरात एखाद्यानं बोटीची खरी लांबी सांगितल्यावर हलवावी तशी.

"मग जा की," ते म्हणाले. "त्यात काय. शेजारीण येईल दोन वेळा बघायला. मी काही लहान नाही." आणि काठी घेऊन उठले.

दादाला तिनं त्याच संध्याकाळी फोन लावला, अंगणात उभी राहून.

"बाबांना कळलंय."

"चिडलेत?"

"चिडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी बेत तपासून दिलाय. म्हणाले, चौथं बंदर बदल, तिथे मी उतरू शकेन."

दादानं श्वास सोडला तो तिला नीट ऐकू आला. "छोटी, कॉलर माझ्या हातात होती. तुला नाही माहीत ते दोन सेकंद काय असतात. मी अजून पेशंटच्या तोंडात हात घालून उभा असतो आणि मला ती फट दिसते."

"माहीत आहे. म्हणून फळीचं एकही बंदर घेत नाहीये. सहाच्या जागी तीन करते. तिन्हीकडे आडवी भिंत. बर्फाच्या कारखान्यासमोर, मासेवाल्यांच्या धक्क्याला, आणि प्रवासी बोटींच्या गोदामामागे."

मागून वहिनीचा आवाज आला. फोन म्हणे स्पीकरवर होता. "अगं, सुट्टीला निघालोय की माल उतरवायला?"

"वहिनी, तुम्हाला देखण्या बंदरात जायचं असेल तर तुम्ही होडी घेऊन जा. मी बाबांजवळ बसेन."

"मी कुठे नाही म्हटलं," वहिनी म्हणाल्या. मग वेगळ्या आवाजात, "त्यांच्या बुटाचा नंबर काय गं? गेल्या वर्षी एक गेला ना."

गुरुवारी चहाबरोबर तिनं बाबांना सांगितलं, तुम्हीही येताय, आणि बंदर कचेऱ्यांना फोन लावायला बसली. मासेवाल्यांचा धक्का लगेच मिळाला, तिथे हौशी लोक फिरकत नाहीत. गोदामामागची जागाही मिळाली. राहिला बर्फाचा कारखाना. ते बंदर सगळ्यात गर्दीचं. अकरा वेळा लावल्यावर फोन उचलला गेला. बाई होती, आवाजावरून दमलेली.

"आडवी जागा? ऐन हंगामात?"

"बोटीवर माझे वडील आहेत. एक्याऐंशी वर्षांचे. गुडघा वाकत नाही."

"असतील," बाई म्हणाली. "उन्हाळ्यात प्रत्येक बोटीवर कुणाचे ना कुणाचे वडील असतात. ताई, रागावू नका. आहेत का ते तिथे? द्या त्यांना फोन."

छोटीनं मागे बघितलं. बाबा दारातच होते. कधी आले, तिला ऐकू आलं नव्हतं.

"तुमच्याशी बोलायचंय म्हणे," ती म्हणाली. आणि फोन पुढे करता करता तिच्या लक्षात आलं, आपण काय मागतोय. चाळीस वर्षं या माणसानं जागा दिली होती, मागितली कधीच नव्हती. आता त्यांना एका परक्या बाईला स्वतःच्या तोंडानं सांगावं लागणार होतं, की मी म्हातारा आहे, मला उतरता येत नाही. फोन मागे घ्यावा असं तिला वाटलं. पण बाबांनी तो घेतला होता.

"बोला." ते ताठ उभे राहिले. "हो. मीच. एक्याऐंशी... डावा. नाही, अजिबात वाकत नाही... फळी नाही जमत. गेल्या वर्षी पडलो." ते सगळं त्यांनी बोटीची लांबी-रुंदी सांगावी तसं सांगितलं. मग बराच वेळ ऐकत राहिले. "बारा मीटर. जागा दहाची आहे? मग शेजारच्या दोघांना थोडं सरकायला सांगा. सरकतात. आधी नाही म्हणतात, मग सरकतात."

पलीकडून हसल्यासारखं काहीतरी ऐकू आलं.

"हो, हो. एकटा कुठला. मुलगी नेतेय." बाबा खिडकीबाहेर बघत होते. "तिनंच आखलाय सगळा बेत."

छोटीला मान वर करता आली नाही. ती टेबलावरच्या नव्या कागदावर बर्फाच्या कारखान्यापुढे "आडवी" असं लिहीत राहिली. शब्द लिहून झाला होता तरी त्यावरूनच पेन पुन्हा पुन्हा फिरवत राहिली.

"मिळाली," बाबांनी फोन तिच्या हातात दिला. "बाई चोख आहे. असं विचारायलाच हवं." आणि ते आपल्या खोलीकडे निघाले.

ती पुढचं लिहायला लागली. पाणी, बाराच्या आत, दोर किती. ओळभर लिहून झाल्यावर तिचा हात सवयीनं थांबला, कान मागे गेले, आणि मागून काहीच आलं नाही.

तिनं वळून पाहिलं. बाबा पॅसेजच्या मध्यावर होते. काठी काखेत धरलेली, अधांतरी. एका हातानं भिंत चाचपत, श्वास रोखून, ते पाऊल टाकत होते. आवाज न करता. बुधवारपासून ते असेच चालत असणार. मघाशी दारातही असेच आले असणार. बावीस पावलं जायची, बावीस यायची.

"बाबा," ती म्हणाली. "काठी टेकवा."

ते थांबले. मागे न बघता म्हणाले, "तुझं काम चाललंय ना."

"टेकवा हो. मला ऐकू येऊ दे."

ते तसेच उभे राहिले, भिंतीवर हात ठेवून. मग काखेतली काठी हळूच खाली आली.

टक्.

छोटीनं पुढचं पाऊल ऐकलं, त्यापुढचा टक् ऐकला, आणि मोजायला लागली.